रियू, फॉसेट, ओनॉस की ओपनडेलाइट? एसडीएन कंट्रोलर बसवण्याआधी

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प असो नाहीतर कॉलेजचं कॅम्पस नेटवर्क, एसडीएनकडे (म्हणजे सॉफ्टवेअरने नेटवर्क चालवण्याच्या पद्धतीकडे) वळलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कंट्रोलर, म्हणजे सगळ्या स्विचना वरून सूचना देणारा प्रोग्राम, कुठला बसवू? मी त्याला उलट दोन प्रश्न विचारतो. तुमचे स्विच कोणता प्रोटोकॉल बोलतात? आणि सहा महिन्यांनी कंट्रोलर अडला तर तो उघडून कोण बघणार? निवड बरीचशी या दोन उत्तरांतच होऊन जाते.

चारही कंट्रोलर मोफत आहेत, मुक्तस्रोत आहेत आणि ओपनफ्लो 1.3 (कंट्रोलर आणि स्विच यांच्यातला प्रोटोकॉल) बोलतात. त्यामुळे कागदावर ते सारखेच वाटतात. फरक कळतो तो बसवायला घेतल्यावर.

पहिली संध्याकाळ

रियू सगळ्यात हलका. तो जपानच्या एनटीटीच्या प्रयोगशाळेतून आला आणि पूर्ण पायथनमध्ये आहे. त्यातला नमुन्याचा स्विच प्रोग्राम जेमतेम शंभर-सव्वाशे ओळींचा आहे. पॅकेट आलं, कुठल्या पोर्टवर कुठला मॅक पत्ता दिसला ते टिपलं, पुढच्या वेळेसाठी फ्लो, म्हणजे असं पॅकेट कुठे पाठवायचं तो नियम, स्विचमध्ये लिहून ठेवला, एवढंच तो करतो. कंट्रोलर म्हणजे नक्की काय, हे समजून घ्यायला मला तरी याहून चांगलं साधन माहीत नाही.

पण त्याची 4.34 ही शेवटची आवृत्ती 2020 सालची आहे, आणि हे वय बसवताना जाणवतं. आजच्या उबंटूवर थेट पिपने (पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने) टाकायला गेलात तर आधी सेटअपटूल्स या पॅकेजपाशी अडाल. तिथून सुटलात तर चालू करताना इव्हेंटलेट या पायथन लायब्ररीतली एक गोष्ट सापडत नाही म्हणून तो बंद पडेल. विद्यार्थ्यांचे दोन-दोन दिवस यात जातात आणि त्यांना वाटतं चूक आपलीच आहे. तसं नाही. पायथन 3.8 किंवा 3.9 चं वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, त्यात सेटअपटूल्स जुनं ठेवा आणि इव्हेंटलेट 0.30.2 वर बांधून टाका, की गाडी चालू होते. ओपनस्टॅकवाल्यांनी रियूची ओएस-केन नावाची शाखा काढून ती जिवंत ठेवली आहे. चार वर्षं टिकायला हवा असा कोड लिहिणार असाल तर तिच्याकडे आधी बघा.

फॉसेटचं मूळ न्यूझीलंडमध्ये, आणि तो उभा राहिला रियूच्याच पायावर. इथे मात्र तुम्ही प्रोग्राम लिहीत नाही. एका यॅमल फाइलमध्ये (साध्या मजकुराच्या सेटिंग फाइलमध्ये) व्हीलॅन (एकाच जाळ्यातले वेगळे गट), स्विचचा डेटापाथ आयडी (ओळखक्रमांक), कोणतं पोर्ट कोणत्या व्हीलॅनमध्ये आणि कोणाला काय अडवायचं, हे लिहिता. ज्याने आयुष्यभर स्विच कॉन्फिगर केले त्याला ही फाइल वाचता येते. फाइल चालू करण्याआधी तपासून देणारी आज्ञा सोबत येते, आणि आकडे थेट ते साठवणाऱ्या प्रोमीथियसकडे जातात, त्यामुळे ग्राफाना या साधनात आलेख बघायला वेगळी खटपट नको.

ओनॉस आणि ओपनडेलाइट ही जावाची मोठी घरं आहेत, दोन्ही अपाचे कराफ या जावाच्या चौकटीवर चालतात. ओपनडेलाइटची घोषणा लिनक्स फाउंडेशनने एप्रिल 2013 मध्ये केली, पहिली आवृत्ती हायड्रोजन फेब्रुवारी 2014 मध्ये आली, आणि पुढच्या आवृत्त्यांनाही मूलद्रव्यांचीच नावं मिळाली. ओनॉस डिसेंबर 2014 मध्ये खुला झाला, त्याने पक्ष्यांची नावं धरली. ओनॉसची तयार डॉकर इमेज मिळते, ती उतरवून घेतली की काही मिनिटांत ब्राउझरमध्ये पडदा उघडतो. ओपनडेलाइटसाठी आधी त्या आवृत्तीला लागणारा जावा नेमका तोच हवा. नवा आहे म्हणजे चालेल, असं धरू नका.

पिंग का जात नाही

इथे ओनॉस आणि ओपनडेलाइट या दोघांतला फरक सगळ्यात जास्त जाणवतो. ओनॉस नुसता चालू केला तर तो काहीच करत नाही. ओपनफ्लोचं अ‍ॅप आणि फॉरवर्डिंगचं अ‍ॅप, अशी दोन अ‍ॅप चालू करावी लागतात. मग मिनीनेटमधून (एकाच संगणकावर नकली नेटवर्क उभारणाऱ्या साधनातून) पिंगऑल दिलं की पॅकेट जातात आणि पडद्यावर स्विचचं जाळं दिसतं. होस्ट मात्र रहदारी झाल्याशिवाय दिसत नाहीत, आणि झाल्यावरही कीबोर्डवरचं एच बटण दाबावं लागतं. हे फॉरवर्डिंग अ‍ॅप प्रात्यक्षिकापुरतंच ठेवा. ते प्रत्येक नव्या संवादाचं पहिलं पॅकेट कंट्रोलरकडे आणतं, खऱ्या नेटवर्कवर तो भार परवडत नाही.

ओपनडेलाइटमध्ये जुन्या धड्यांनी घोळ केला आहे. त्यांत डीलक्स नावाचा वेबपडदा आणि एलटूस्विच नावाचं फीचर टाकायला सांगतात. नव्या आवृत्त्यांत ही दोन्ही नाहीत. तुम्ही आज्ञा देता, कराफ म्हणतो असं फीचर सापडत नाही, आणि तुम्ही इंटरनेट जोडणी तपासत बसता. ओपनफ्लो प्लगइन टाकलं तर स्विच जोडलेले दिसतील, पण पॅकेट पुढे कुठे पाठवायचं हे सांगणारं कोणी नसेल. ते फ्लो तुम्हालाच रेस्टकॉन्फमधून (त्याच्या वेब एपीआयमधून) लिहावे लागतात. म्हणून साध्या ओपनफ्लो लॅबसाठी मी आज ओपनडेलाइट सुचवत नाही.

त्याचं बळ दुसरीकडे आहे. नेटकॉन्फ (उपकरणांची सेटिंग बदलण्याचा प्रोटोकॉल) बोलणारे राउटर, त्या सेटिंगचा आराखडा सांगणारी यँग मॉडेल, बीजीपी आणि पीसीईपी हे मार्ग ठरवणारे प्रोटोकॉल यांसाठी तो घडला आहे. तुमच्याकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे राउटर असतील आणि वरून एकाच एपीआयने ते हाकायचे असतील, तर या चौघांत त्याच्या तोडीचं कोणी नाही.

चौघांनाही लागू अशी एक गोष्ट: ओपनफ्लोचं जुनं पोर्ट 6633 आणि अधिकृत पोर्ट 6653. स्विच एकीकडे बोलतोय आणि कंट्रोलर दुसरीकडे कान लावून बसलाय, असं वारंवार होतं. ओपन व्ही-स्विचच्या (सॉफ्टवेअरमधल्या स्विचच्या) माहितीत जोडणी खरी असल्याची खूण दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कंट्रोलर बंद पडला तर

ओपन व्ही-स्विच मुळात स्टँडअलोन पद्धतीवर असतो. कंट्रोलरचा पत्ता बराच वेळ लागला नाही की तो स्वतःच साध्या स्विचसारखा वागू लागतो. म्हणजे पिंग व्यवस्थित जातं, आणि तुमचे अडवण्याचे नियम गायब असतात. मिनीनेट आपणहून सिक्युअर पद्धत (कंट्रोलर नसला तरी साधा स्विच न होण्याची) लावतं, त्यामुळे लॅबमध्ये हे कधी दिसत नाही. खऱ्या यंत्रावर दिसतं. सुरक्षेसाठी एसडीएन लावत असाल तर ही सेटिंग पहिल्याच दिवशी सिक्युअर करा.

रियूत जोडीच्या कंट्रोलरची व्यवस्था तुम्हीच लिहायची. फॉसेटचा मार्ग मला मनापासून आवडतो: तीच फाइल घेऊन दोन फॉसेट दोन यंत्रांवर चालवा, त्यांनी एकमेकांशी बोलण्याची गरजच नाही, कारण दोघं स्विचला एकच गोष्ट सांगतात. ओनॉस मुळातच समूहासाठी रचलेला आहे. एक पडला की त्याचे स्विच दुसरा हाती घेतो. पण 1.14 पासून त्याच्यासोबत अ‍ॅटॉमिक्सचा (समूहातली माहिती सांभाळणाऱ्या प्रणालीचा) समूह वेगळा उभारावा लागतो, तोही किमान तीन यंत्रांचा. ओपनडेलाइटलाही तीन लागतात. हे सगळं सांभाळायला जावा जाणणारा माणूस पगारावर हवा.

मग घ्यावा कुठला

प्रकल्प किंवा शिकणं असेल तर रियू, वर सांगितलेल्या आवृत्त्या बांधून. दहा-वीस स्विचचं कॅम्पस आणि एक-दोन माणसं असतील तर फॉसेट, फार विचार न करता. राउटर आणि नेटकॉन्फ असेल तर ओपनडेलाइट. ओनॉसबद्दल माझं मन दोन्हीकडे ओढतं. रचना चौघांत सुंदर, पी-फोर स्विचसाठीही (पॅकेट कसं हाताळायचं ते प्रोग्राम करता येणाऱ्या स्विचसाठीही) तयारी चांगली, पण 2.7 नंतर कामाचा वेग मंदावला आहे. संशोधनासाठी जरूर घ्या. नवं उत्पादन त्यावर उभारायचं असेल तर कोड स्वतः सांभाळण्याची तयारी ठेवा.

बसवलात की ओनॉसचा ‘रॉक्स’ आणि ओपनडेलाइटचा ‘अ‍ॅडमिन’ हे पासवर्ड त्याच दिवशी बदला, आणि 6653 पोर्ट फक्त व्यवस्थापनाच्या वेगळ्या नेटवर्कवर ठेवा.

आणि स्विच अजून विकत घेतले नसतील तर विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी घ्या: ओपनफ्लो 1.3 मध्ये फ्लोंची एकाहून जास्त टेबलं खरोखर चालतात का, आणि हार्डवेअरमध्ये किती फ्लो मावतात. फॉसेटला अनेक टेबलं लागतातच. एकाच टेबलाचा स्विच दारात आला तर कंट्रोलरची निवड पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.