ऑइल गळतंय कुठून: टाल्कम पावडर की यूव्ही डाय?

सात-आठ महिने उभ्या असलेल्या बाइकखाली तेलाचा डाग दिसला, तर लगेच किक मारू नका. आधी डिपस्टिक (ऑइलची लेव्हल मोजायची पट्टी) काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला आणि लेव्हल वाढलेली असली, तर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल इंजिनात उतरलंय. ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालू करायची नाही.

वास नसेल तर पावडर. इंजिन डिग्रीझरने धुवा, पूर्ण वाळू द्या, जोडांवर पावडर भुरभुरा आणि दहा मिनिटं गाडी चालू ठेवा. पांढऱ्यावर काळपट ओघळ उमटतो. त्याचं वरचं टोक शोधा, कारण तेल खाली वाहतं आणि थेंब भलतीकडेच पडतो. हेड किंवा टॅपेट कव्हरच्या गॅस्केटसाठी एवढं पुरतं.

स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) बाजूला मात्र पावडर फसवते. चेन ल्यूबही तसंच काळं दिसतं. तिथे यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग, म्हणजे डायच हवा. तो ऑइलमध्ये टाकून थोडी राइड मारा, अंधारात यूव्ही टॉर्च धरा: इंजिन ऑइल पिवळट-हिरवं चमकतं. पडून राहून कडक झालेलं सील गाडी तापल्यावरच पाझरत असेल, तर तेही यात सापडतं. डाय वेट क्लचला (इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या क्लचला) चालणाराच घ्या.

माझा कल आधी पावडरकडेच.