जनुकांच्या नावाखाली 1,84,500 गेले

दादाच्या कॅन्सरच्या औषधासाठी पहिला हप्ता 48,000, दुसरा 72,500, तिसरा 64,000. हे आकडे आता झोपेतही आठवतात.

दादाचा टी-पेशींचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, उलटला होता. अशा वेळी माणूस कशाला बळी पडतो, हे भोगलेल्यालाच कळतं. मी काही अडाणी नाही, जीवशास्त्रात पदवी आहे. तीच नडली! जडीबुटीवाल्याला मी दारातही उभं केलं नसतं. हा कॅप्सूल विकणारा मात्र ईझेडएच2 नावाच्या प्रथिनाबद्दल बोलला. हे प्रथिन हिस्टोनवर, म्हणजे डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर, मिथाइल या छोट्या रासायनिक गटाचे ठसे उमटवतं, त्यामुळे कॅन्सरला आवर घालणारी जनुकं गप्प होतात, त्याला अडवलं की ती पुन्हा जागी होतात. यातलं बरंचसं खरंच आहे. टाझेमेटोस्टॅट नावाच्या अशाच औषधाला अमेरिकेत 2020 मध्ये मंजुरीही मिळाली, पण एपिथेलिऑइड सार्कोमा आणि फॉलिक्युलर लिम्फोमा या वेगळ्याच कॅन्सरसाठी. हा 'पण' त्याने गिळला. जनुक चाचणीचा रिपोर्ट न मागता गोळी देणारा भेटला की फोन ठेवा.

आणि माझी अक्कल कुठे गेली होती ते ऐका. त्यानेच पाठवलेल्या पीडीएफमध्ये एका ओळीवर मी पिवळी खूण केली होती: टी-पेशींच्या ल्युकेमियात हेच प्रथिन आजाराला आवर घालणारं असू शकतं, काही रुग्णांत त्याचं जनुक निकामी झालेलं सापडतं. म्हणजे त्याला अडवणं दादाच्या जिवावरही उठू शकलं असतं. मी विचारलं. "ताई, ते उंदरांमधलं आहे हो." ओळीत 'रुग्ण' शब्द होता. तरी त्याच संध्याकाळी 72,500 पाठवले.

पोलीस म्हणाले, औषध विभागाकडे जा. औषध विभाग म्हणाला, बाटलीवर उत्पादकाचा पत्ता नाही, कारवाई कोणावर करणार? पत्ता असता तर मी तुमच्या दारात कशाला आले असते? बँकेने शांतपणे सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. चार महिने, सहा अर्ज, एक पोचपावती. तीही चुकीच्या नावाची.

बाटली आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. मी लाजेने दाखवली नाही. 'सगळ्या कॅन्सरवर चालतं' हे वाक्य ऐकू आलं की उठा. व्यक्तीच्या खात्यात पैसे भरू नका.

उरलेल्या 41 कॅप्सूल कपाटात आहेत, तपासून द्यायला कोणी तयार नाही. दादाला मी 48,000च गेले असं सांगितलंय.