गारगोटी की नाणी? नाशिकमध्ये एकाच संग्रहालयापुरता वेळ असेल तर

पाहुण्यांना रामकुंड, काळाराम मंदिर आणि पांडवलेणी दाखवून झाली की हाताशी अर्धा दिवस उरतो. त्या अर्ध्या दिवसात सिन्नरचे गारगोटी संग्रहालय दाखवावे की अंजनेरीचे नाण्यांचे, हा प्रश्न आमच्या घरी वर्षातून एकदा तरी निघतो. दोन्ही शहराबाहेर आणि एकमेकांच्या विरुद्ध दिशांना असल्यामुळे एका दिवसात दोन्ही नीट पाहणे मला तरी अजून जमलेले नाही. सराफ बाजारातला पेशवेकालीन सरकारवाडा हाही पाहण्याजोगा आहे; पण तो गोदाकाठच्या फेरीतच पाहून होतो, त्यासाठी दुसरे काही सोडावे लागत नाही, म्हणून त्याला या तुलनेत धरलेले नाही.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत २००१ साली उभे राहिलेले गारगोटी संग्रहालय पहिल्या भेटीत माणसाला गप्प करते, हे आधीच मान्य करतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होताना त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या आणि पुढे खनिजयुक्त गरम पाणी झिरपून त्या पोकळ्यांत स्फटिक वाढले, एवढे आपण शाळेत शिकलेलो असतो. परंतु बाहेरून खडबडीत, काळपट दिसणारा तोच दगड आतून उघडा होऊन समोर ठेवलेला पाहणे निराळे. ज्या डोंगराच्या अंगावर आपली लेणी कोरलेली आहेत, त्या पांडवलेण्याच्या डोंगरातल्या खाणीतून निघालेले अपोफिलाइट नावाचे हिरवे स्फटिक जगभरच्या संग्राहकांत नावाजलेले आहेत, हे कळल्यावर रोज दिसणाऱ्या त्या डोंगराकडे मी पुन्हा एकदा नीट पाहिले.

माझे मन मात्र एका गोष्टीने फिरले, आणि ती गोष्ट कोणाला क्षुल्लकही वाटेल. मी आईला सोबत नेले होते. ती सिन्नर तालुक्यातलीच. विहिरीचे काम चालू असताना सुरुंगानंतर निघालेल्या दगडांतले चकाकणारे खडे गोळा करून लहानपणी खेळलेली. गव्हाच्या पेंढीसारख्या, मध्ये आवळलेल्या आणि दोन्ही टोकांना फुललेल्या एका स्फटिकापाशी ती थांबली आणि तिने विचारले, “याला आपल्यात काय म्हणतात?” मी ‘स्टिल्बाइट’ म्हणालो. पुढच्या सुयांच्या झुबक्याला ‘स्कोलेसाइट’, त्यापुढच्याला ‘ह्यूलँडाइट’. चौथ्या वेळी तिने विचारायचे सोडले. यात संग्रहालयाचा काहीच दोष नाही. या खनिजांना मराठी नावे रुळलेलीच नाहीत. पण अशा खनिजांच्या गटाला असलेल्या ‘झिओलाइट’ या नावाचा मूळ ग्रीक अर्थ ‘उकळणारा दगड’ एवढाच आहे आणि १७५६ साली एका स्वीडिश खनिजतज्ज्ञाने, तापवल्यावर या दगडातून वाफ निघते म्हणून, ते दिले. असे नाव मराठीतही सहज झाले असते. आपल्याच शेतातून निघालेल्या वस्तूपुढे आई मुकी झाली, याची रुखरुख घरी येईपर्यंत गेली नाही.

त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या पायथ्याशी १९८० पासून असलेल्या भारतीय मुद्राशास्त्र संशोधन संस्थेच्या संग्रहालयात नेमके उलट घडले. तिथे डोळे दिपत नाहीत. खऱ्या नाण्यांबरोबर प्रतिकृती आणि छायाचित्रेही आहेत, हे आधी ठाऊक असलेले बरे. पण ठसे ठोकून बनवलेल्या प्राचीन आहत नाण्यांपासून आजच्या चलनापर्यंतचा क्रम डोळ्यांपुढून जात असताना आईच बोलू लागली: कवडी, छदाम, दिडकी, ढब्बू पैसा. शिवराई तिने तिच्या आजीच्या गाठोड्यात पाहिली होती. तिला ठाऊक असलेल्या प्रत्येक शब्दाला तिथे एक वस्तू होती, आणि त्या दिवशी समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे नव्हते.

शिवाय नाण्यांचा धागा नाशिकातच परत येतो. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये नहपान या शक क्षत्रप राजाची १३,०००हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी बहुतेकांवर, त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा उमटवलेली होती: एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह (टोकांना वर्तुळे असलेली फुली), आणि काहींवर त्यांच्याखालून जुना चेहरा अजून डोकावतो. पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवल्याचा लेख आहे. २,००० वर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर शेकडा पाऊण असे व्याज. त्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांची आणि इतर गरजांची सोय व्हायची होती. अंजनेरीला जाऊन आल्यावर तो लेख माझ्यासाठी कोरीव अक्षरांपुरता राहिला नाही.

सोबत दहा-बारा वर्षांची मुले असतील किंवा घरात कोणी भूशास्त्र शिकत असेल, तर सिन्नरच योग्य ठरेल. नाण्यांपुढे मुले लवकर कंटाळतात, हा माझाही अनुभव आहे. घरातली वडीलधारी मंडळी बरोबर असतील, तर मात्र मी गाडी त्र्यंबक रस्त्याला लावीन. श्रावणातला तिसरा सोमवार आणि त्याचा आदला दिवस तेवढा टाळावा, कारण ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी तो रस्ता माणसांनी भरून जातो. खिशात एक भिंग असू द्यावे, आणि पांडवलेणी आधी उरकून न टाकता दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवावीत.