फोनवरून जकात: रमजानभर वापरलेलं एक अ‍ॅप

अब्बांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून यंदा जकातीचा, म्हणजे शिलकीतून गरजूंना द्यायच्या बंधनकारक दानाचा, हिशेब माझ्याकडे आला. वाळपईच्या बाजारात आमचं किराणा दुकान आहे. आजवर सगळं त्यांच्या निळ्या वहीत असायचं, मी एका ट्रस्टचं अ‍ॅप घेतलं.

हिशेबाचं पान खरंच चांगलं आहे. रोकड, माल, सोनं, देणी भरली की अडीच टक्के काढून देतं. निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, सोन्याचा धरायचा (८७.४८ ग्रॅम) की चांदीचा (६१२.३६ ग्रॅम), हे आधी विचारतं. विचारायलाच हवं, कारण चांदी धरली तर बेताची शिल्लक असलेल्या घरावरही जकात येते, सोनं धरलं तर सुटते. उधारीत मात्र गाडी अडली. आमची निम्मी गिऱ्हाइकं काजूचे पैसे हातात आले की बाकी भागवतात. अ‍ॅपने ती सगळी उधारी आजच्याच जकातीत धरली. अब्बा म्हणाले, "वसूल होईल तेव्हा दे गो. बुडाली तर कसली जकात?"

माझा खरा आक्षेप पुढे आहे. जकात कशाला द्यायची याच्या अ‍ॅपवरच्या यादीत शाळेची कूपनलिका आणि सौर दिवेही होते. कुराणात जकातीचे हक्कदार आठ प्रकारचे सांगितलेत, आणि आमच्या हनफी पंथाच्या मते पैसा त्या माणसाच्या मालकीचा व्हावा लागतो. कूपनलिका कोणाच्या मालकीची? ती सदका-ए-जारियातून, म्हणजे ज्याचा उपयोग चालूच राहतो अशा ऐच्छिक दानातून, व्हावी. दुसरं मतही आहे. इंडोनेशियात बाझनास या सरकारी जकात मंडळाने यूएनडीपी या संयुक्त राष्ट्रांच्या विकास संस्थेबरोबर जांबी प्रांतातल्या गावांत छोटे जलविद्युत प्रकल्प उभारायला जकातीचा पैसा दिला. त्या घरांत दिवे लागले याचा मला आनंदच आहे. पण अ‍ॅपने जकात आणि सदका यांच्या पेट्या वेगळ्या ठेवाव्यात, ठरवू दे देणाऱ्याला.

मी जकात त्याच यादीतल्या एका बाईच्या शिलाई मशीनला दिली. मशीन तिच्या मालकीचं होतं, आणि पुढच्या रमजानला तिला कुणापुढे हात पसरावा लागू नये. यूपीआयने पैसे गेले, पावती लगेच आली. तीन आठवड्यांनी फोटोही आला: मशीनमागे ती बसलेली, चेहरा स्वच्छ दिसतोय, खाली नाव आणि गाव. मला कसंसंच झालं. अब्बांच्या वहीत तारखा आहेत, रकमा आहेत, घेणाऱ्याचं नाव एकाही पानावर नाही. पाकीट ते मगरिबच्या नमाजनंतर, अंधार पडल्यावर, स्वतः नेऊन द्यायचे.

मी ट्रस्टला हे सगळं लिहून कळवलं. चौथ्या दिवशी फोटो बदलला. आता त्यात मशीन आहे आणि कापडावर टेकलेले दोन हात.