कूलंटची गळती शोधायला प्रेशर टेस्ट की यूव्ही डाय?

नुकत्याच घेतलेल्या जुन्या गाडीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी होतंय, पण खाली थेंबही दिसत नाही? मी तरी आधी प्रेशर टेस्टच करेन. इंजिन थंड असताना, रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकीच (बहुधा 1 बारच्या आसपास) हवा टेस्टरच्या हातपंपाने कूलिंग सिस्टीममध्ये भरायची. टेस्टरवरचा दाबाचा काटा घसरला की होज (रबरी नळ्या), वॉटर पंप, हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) बघा. बाहेर सगळं कोरडं आणि काटा तरीही उतरतोय, तर संशय हेड गॅस्केटवर (इंजिन ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्यामधलं सील). निकाल तिथल्या तिथे.

मात्र इंजिन तापल्यावरच उघडणारी बारीक चीर यातून निसटते. तिच्यासाठी यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग): कूलंटमध्ये मिसळा, थोडे दिवस गाडी चालवा, मग यूव्ही टॉर्चखाली माग चमकतो. काही कूलंट मुळातच चमकतात, तेव्हा जुने डाग आधी धुऊन घ्या.