युनिडेन एसडीएस-१००: पैसे कुठे वसूल होतात, प्रोग्रॅमिंग कुठे अडतं

अमेरिकेत पोलिस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांचं संभाषण ऐकण्यासाठी हातातला स्कॅनर घेणार असाल, तर आधी आपल्या काउंटीत कोणती यंत्रणा चालते ते बघा. न्यू जर्सीची राज्यव्यापी सरकारी रेडिओ यंत्रणा एनजेआयसीएस घ्या: ७०० मेगाहर्ट्झ, पी२५ फेज २ (डिजिटल रेडिओचं एक मानक), आणि सायमलकास्ट. म्हणजे अनेक टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी तेच बोलणं सोडतात. या लहरी तुमच्या अँटेनापर्यंत किंचित मागेपुढे पोहोचतात, एकमेकींत मिसळतात आणि डिजिटल डेटा बिघडतो. युनिडेनच्याच जुन्या बीसीडी-४३६एचपी स्कॅनरवर सिग्नलच्या दांड्या भरलेल्या दिसतात, तरी शब्द तुटतात ते यामुळेच. त्यावर अ‍ॅटेन्युएटर (सिग्नलचा जोर कमी करणारी सोय) लावणं किंवा एकाच टॉवरकडे रोखलेली यागी अँटेना वापरणं, हे उपाय चालतात, पण अर्धेमुर्धे.

२०१८मध्ये आलेल्या युनिडेनच्या एसडीएस-१०० या हातातल्या स्कॅनरमध्ये आय-क्यू रिसीव्हर (सिग्नलचा जोर आणि फेज दोन्ही पाहणारा) आहे आणि इथेच तो बाजी मारतो. सायमलकास्ट भागात बिनदिक्कत हाच घ्या. तुमच्याकडे एकाच टॉवरची यंत्रणा किंवा साधं एफएम असेल, तर जादा पैसे घालू नका, ४३६ पुरे.

झिप कोड टाकला की स्कॅनर लगेच बोलू लागतो, पण त्यावर थांबू नये. दूरच्या साइट्सही (टॉवरची ठिकाणं) यादीत येतात आणि त्या तपासण्यात वेळ जातो. स्कॅनर प्रोग्रॅम करायचं युनिडेनचं सेंटिनेल हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मात्र फक्त विंडोजवर चालतं. त्यात आधी डेटाबेस अपडेट करा, मग हवी ती सिस्टिम नव्या फेव्हरिट्स लिस्टमध्ये घाला. साइट्स जवळच्या एकदोनच ठेवा. टॉकग्रुपचं (एकमेकांशी बोलणाऱ्या रेडिओंच्या गटाचं) बोलणं एखाद्या साइटवर तेव्हाच येतं, जेव्हा त्या गटातला एखादा रेडिओ तिथे नोंदलेला असतो. म्हणून कधीकधी शेजारची साइटही लागते. केबल जोडल्यावर ‘ई’ दाबून मास स्टोरेज निवडा आणि मगच ‘राइट टू स्कॅनर’. संगणकाला स्कॅनर दिसतच नसेल, तर केबल नुसती चार्जिंगची आहे का ते पाहा. पोर्ट मिनी यूएसबी आहे.

‘नथिंग टू स्कॅन’ दिसलं की घाबरू नका. सेंटिनेलच्या प्रोफाइलमध्ये तुमची फेव्हरिट्स लिस्ट ‘मॉनिटर’ आणि ‘डाउनलोड’ दोन्हींवर आहे का, सर्व्हिस टाइप (पोलिस, अग्निशमन असा प्रकार) चालू आहे का, क्विक की (लिस्ट चालू-बंद करणारा आकडा) बंद नाही ना, आणि लोकेशन कंट्रोल (ठिकाणानुसार निवड) चालू असून ठिकाणच भरायचं राहिलं आहे का, हे या क्रमाने तपासा. बहुतेकदा दोष यातच सापडतो. अनोळखी टॉकग्रुप शोधायचे असतील तर काही दिवस आयडी सर्च (यादीत नसलेले गटही ऐकवणारी सेटिंग) ठेवा, नको ते ‘अव्हॉइड’ करा: एकदा दाबलं तर तात्पुरतं, पटकन दोनदा दाबलं तर कायमचं.

फिल्टरकडे फार जण लक्षच देत नाहीत. शहरात जवळच्या जोरकस प्रक्षेपणांमुळे आवाज खरखरला, तर त्या साइटचा फिल्टर ‘नॉर्मल’वरून ‘इन्व्हर्ट’, मग ‘वाइड’ असा बदलून बघा. फरक कानाला कळतो.

उणिवा आहेतच. बॅटरी लवकर उतरते. डीएमआर आणि एनएक्सडीएन या दुसऱ्या डिजिटल पद्धतींसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. एन्क्रिप्टेड (सांकेतिक केलेला) टॉकग्रुप कोणत्याही स्कॅनरवर ऐकू येणार नाही. तुमच्या पोलिसांनी सगळंच एन्क्रिप्ट केलं असेल तर खरेदी थांबवा.

न्यू जर्सीहून गाडीने न्यूयॉर्कला जाणार असाल तर स्कॅनर घरीच ठेवा. तिथे पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी पकडणारा संच परवान्याशिवाय गाडीत बसवणं गुन्हा आहे, सूट परवानाधारक हॅमना (हौशी रेडिओचालकांना). भारतातही रेडिओ उपकरण बाळगायला सरकारी परवानगी लागते, तेव्हा सुट्टीला येताना तो सामानात टाकू नका.