गिटारीच्या टॉपची भेग: दुरुस्तीनंतरचं वर्ष

माझी गिटार सॉलिड स्प्रूस टॉपची, म्हणजे पुढची पाटी प्लायची नाही, सबंध जाडीत स्प्रूस लाकडाची. गेल्या मे महिन्यात ब्रिजच्या (तारा जिथे अडकवतात त्या पट्टीच्या) मागून थेट खालच्या कडेपर्यंत भेग गेली, लाकडाच्या रेषेवरून सरळ. नागपुरात तेव्हा दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते आणि अशा वाद्यांना ४५ ते ५५ टक्के मानवते. लाकूड रेषांना आडवं आक्रसतं, पण कडा चिकटवलेल्या. मग जाणार कुठे? प्लाय (पातळ थर चिकटवलेल्या) टॉपला हा ताप फारसा नसतो, दुकानात हे कुणी सांगत नाही.

कारागिराने आधी बरेच दिवस काहीच केलं नाही, गिटार ओलाव्यात ठेवली एवढंच. मला वाटलं, टाळतोय. पण भेग आपसूक मिटत आली, नखाला जेमतेम लागेल इतकी. मग गरम सरस वरून लावून, आतून बोटाने टॉप हलकेच वरखाली करत तो भेगेत मुरवला. साउंडहोलमधून हात घालून आतल्या बाजूने स्प्रूसच्या छोट्या पातळ चकत्या, म्हणजे क्लीट, चिकटवल्या. त्यांच्या रेषा भेगेला आडव्या. सुकेपर्यंत आतबाहेर लोहचुंबक. निम्म्या पैशात इन्स्टंट ग्लू भरून देणारेही भेटले होते. तो लाकडात शोषला की डाग राहतो आणि पुढे सरसही नीट धरत नाही.

आता हा मे सरला, भेग उघडलेली नाही. आवाजात मला तरी फरक वाटत नाही. तिरक्या उजेडात रेघ दिसते, तिथलं लॅकर जरा जास्त चमकतं. दिसू दे.

खरं काम रोजचं आहे. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज, घट्ट पिळून, केसमध्ये. उन्हाळ्यात तो बघता बघता कोरडा होतो. स्वस्त हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) बिनधास्त खोटं बोलतो; बंद डब्यात ओलसर मिठाशेजारी रात्रभर ठेवा, ७५ टक्के दाखवायला हवं. एसीच्या खोलीपेक्षा कूलरची खोली बरी. फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं हाताला टोचायला लागली की हवा कोरडी झाली समजा.

पावसाळ्यात मात्र डबी बाहेर. तेव्हा टॉप फुगला, ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, वर गेली. सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) घासून घ्या असा सल्ला मिळाला होता, मी थांबले. दिवाळीपर्यंत आपोआप खाली आली.